पाच टक्क्यांची घरमालकीण

मोडकळीला आलेली घरं घ्यायची, दुरुस्त करायची, त्यातून नफाही काढायचा. पण घर नीट झालं म्हणून आतल्या माणसाला बाहेर काढायचं नाही. लंडनमधल्या ऑक्टेव्हिया हिलने हे गणित एकोणिसाव्या शतकात सोडवून दाखवलं होतं.

‘हाउस फ्लिपिंग’चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. पडकं घर पडत्या भावात घ्यायचं, गिलावा काढायचा, नळ बदलायचे, रंग मारायचा आणि सहा महिन्यांत दामदुप्पट किमतीला विकायचं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खाली नफ्याचा आकडा. बघायला मजा येते. पण एक गोष्ट त्या फोटोंत कधीच दिसत नाही. त्या पडक्या घरात आधी कोण राहत होतं आणि आता ते कुठे गेलं?

एकशे साठ वर्षांपूर्वी हा प्रश्न लंडनमधल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीला पडला. तिच्याकडे पैसा नव्हता आणि डिग्रीही नव्हती. बाईमाणसाने घरमालकाचं काम करावं ही कल्पनाच तेव्हा लोकांना विचित्र वाटायची. तरी तिने शहरातली सगळ्यात वाईट घरं मागून घेतली आणि ती चालवून दाखवली. तिचं नाव ऑक्टेव्हिया हिल.

दिवाळं निघालेल्या घरातली मुलगी

ऑक्टेव्हियाचा जन्म 3 डिसेंबर 1838चा, इंग्लंडमधल्या विस्बीच या गावातला. लॅटिनमध्ये ‘ऑक्टेव्हिया’ म्हणजे आठवी. वडिलांची ती आठवी मुलगी, म्हणून हे नाव. वडील जेम्स हिल धान्याचे व्यापारी. समाज बदलायचा ध्यास घेतलेला हा माणूस होता, पण व्यवहारात फसला. 1840 मध्ये त्यांचं दिवाळं निघालं, पाठोपाठ मनही खचलं. घर मोडलं. आई कॅरोलाइन मुलींना घेऊन बाहेर पडली. आईचे वडील डॉ. थॉमस साउथवुड स्मिथ यांनी आधार दिला. हे आजोबा सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतलं मोठं नाव. लंडनच्या गरीब वस्त्यांत तापाची साथ का पसरते, गटारं आणि घरं यांचा मृत्यूशी काय संबंध असतो, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. घर ही आरोग्याची गोष्ट असते, हे नातीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ते तिच्या घरातच बोललं जायचं.

ऑक्टेव्हिया शाळेत गेलीच नाही, आईनेच शिकवलं. 1852 मध्ये आईला लंडनमध्ये एका सहकारी संस्थेत व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. अडचणीतल्या स्त्रियांना तिथे काम दिलं जायचं. तिथल्याच एका खोलीत गरीब वस्तीतल्या मुली बाहुलीघरातल्या टेबल-खुर्च्या बनवायच्या. या विभागाची जबाबदारी ऑक्टेव्हियावर आली तेव्हा ती फक्त चौदा वर्षांची होती. आपल्याकडे नववीत असण्याचं वय! ती कामाची वाटणी करायची, हिशेब लिहायची, मुलींना वाचून दाखवायची. एखादी मुलगी आली नाही की तिच्या घरी जाऊन चौकशी करायची. लंडनची खोल्याखोल्यांत कोंबलेली घरं तिने आतून पाहिली ती अशी.

याच काळात तिची ओळख जॉन रस्किनशी झाली. कलासमीक्षक म्हणून तो तेव्हा गाजत होता. ज्याचं ‘अन टू धिस लास्ट’ हे पुस्तक पुढे 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वेप्रवासात वाचून गांधीजी हलून गेले, तोच हा रस्किन. त्याने ऑक्टेव्हियाला जुन्या चित्रांच्या नकला करण्याचं काम दिलं आणि तिने ते दहाएक वर्षं केलं. शिवाय कामगारांच्या कॉलेजात स्त्रियांच्या वर्गांची सेक्रेटरी म्हणून नोकरी, पगार वर्षाला 26 पौंड. त्यातून बहिणींबरोबर वडिलांचं कर्ज फेडणंही चालू होतं. पैशांच्या बाबतीत ती पुढे इतकी काटेकोर का झाली, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

नाव स्वर्ग, अवस्था नरक

गरिबांसाठी घरं मिळवायची, हे तिच्या मनात पक्कं होतं. पण गरीब भाडेकरू ठेवणार म्हटल्यावर चांगलं घर द्यायला कोणी तयार होईना. 1864 मध्ये रस्किनचे वडील वारले आणि त्याच्या हाती मोठी संपत्ती आली. ऑक्टेव्हियाने त्याच्यापुढे आपली योजना ठेवली. तो पैसे घालायला तयार झाला, पण एका अटीवर. गुंतवणुकीवर वर्षाला पाच टक्के परतावा मिळायला हवा. त्याला पैशांची हाव नव्हती. त्याचा मुद्दा वेगळा होता. दानधर्म म्हणून काम केलं तर ते एका माणसाच्या इच्छेवर चालेल आणि त्याच्याबरोबर संपेल. व्यवहार म्हणून ते उभं राहिलं, तर इतर लोकही आपला पैसा घेऊन पुढे येतील.

आता पाच टक्के म्हणजे किती, हे लक्षात घ्या. सरकारी रोख्यांवर तेव्हा साधारण तीन टक्के मिळायचे. म्हणजे पाच टक्के हा बरा परतावा होता, पण झोपडपट्टीचे मालक जे ओरबाडायचे त्याच्या मानाने कमीच.

1865 मध्ये मेरिलबोन भागात रस्किनने तीन घरांचा भाडेपट्टा 750 पौंडांना घेतला. पट्ट्याची 56 वर्षं शिल्लक होती आणि प्रत्येक घरात सहा खोल्या. गल्लीचं नाव पॅरडाइज प्लेस. स्वर्गच की! प्रत्यक्षात भिंतींचा गिलावा गळून पडत होता. छप्पर इतकं गळकं, की जिन्यात पाणी धरायला बादली ठेवलेली. जिन्याचे कठडे गायब, कारण थंडीत भाडेकरूंनी ते जाळून शेक घेतला होता. एका ठिकाणी खिडक्यांच्या 192 तावदानांपैकी फक्त 8 शाबूत होती. सगळ्यांच्या पाण्यासाठी एकच पिंप आणि तेही फुटकं. पाणी आलं तेव्हा भरून ठेवायला भांडं नसेल, तर दिवसभर पाणी नाही. कपडे धुवायची खोली होती, पण जुन्या मालकाने तिथे आपलं अडगळीचं सामान भरून तिला कुलूप ठोकलं होतं. त्यामुळे स्वयंपाक, धुणं, झोपणं सगळं एकाच खोलीत.

घरं अशी का झाली होती? भाडेकरू घाणेरडे म्हणून, असं लंडनमधले बरेच सुशिक्षित लोक म्हणायचे. खरी गोम मालकीच्या साखळीत होती. जमिनीचा मूळ मालक एक, त्याच्याकडून लांब मुदतीचा पट्टा घेणारा दुसरा, त्याच्याकडून घर घेऊन खोली-खोली भाड्याने लावणारा तिसरा. पट्टा संपत आला की दुरुस्तीवर खर्च करण्यात कोणालाच रस नसायचा. उरलेल्या वर्षांत जमेल तेवढं पिळून घ्यायचं. त्यात भाडं बुडवणारे असणारच, हे गृहीत धरून भाडं आधीच चढं लावलेलं. म्हणजे बुडवणाऱ्याचा भुर्दंड नेमाने देणाऱ्याच्या डोक्यावर.

ऑक्टेव्हियाला एक छोटा घरमालक भेटला होता, ज्याचा मूळ धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा होता. त्याने तिला मोकळेपणाने सांगून टाकलं, की त्याची भिस्त भाड्यावर नाहीच, त्या घरांत जे मृत्यू होतात त्यांतून तो कमावतो. तिने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. खराब घरातूनही धंदा कसा होतो, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आधी गटार, मग रंग

कोणीही फ्लिपर असता तर त्याने भाडेकरू हटवले असते, सगळं एकदम चकाचक केलं असतं आणि भाडं वाढवलं असतं. ऑक्टेव्हियाने उलटा रस्ता धरला. भाडेकरू आत ठेवूनच तिने काम सुरू केलं. पहिल्यांदा हात घातला तो जिवावर बेतणाऱ्या गोष्टींना. गटारं, पाणी, छप्पर, हवा, उजेड. धुण्याच्या खोलीचं कुलूप काढलं. बाकी सगळं हळूहळू, जसं जमेल तसं.

यातली तिची सगळ्यात हुशार युक्ती दुरुस्तीच्या पैशांची. प्रत्येक घरासाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम ती दुरुस्तीसाठी बाजूला काढायची. तोडफोड कमी झाली आणि त्यातले पैसे उरले, तर उरलेल्या रकमेतून काय सुधारणा करायची हे भाडेकरूंनी ठरवायचं. कोणाला कपाट हवं, कोणाला धुण्याच्या खोलीत सोय हवी. आता खिडकीची काच फुटली तर नुकसान मालकिणीचं नव्हतं, आपल्याला मिळणाऱ्या कपाटाचं होतं. जिन्याचा कठडा जाळणारी माणसं त्याच कठड्याची राखण करू लागली. उपदेशाने जे झालं नसतं ते एका साध्या हिशेबाने झालं. इकॉनॉमिक्सच्या वर्गात ‘इन्सेंटिव्ह’ शिकताना हे उदाहरण आठवा.

दुसरी गोष्ट गर्दीची. एका खोलीत आख्खं कुटुंब राहायचं, कारण दोन खोल्यांचं भाडं झेपायचं नाही. तिने मोठ्या कुटुंबांना दोन खोल्या दिल्या आणि एका खोलीच्या भाड्याहून थोडंच जास्त घेतलं. कागदावर हा तोटा दिसतो. पण कुटुंब टिकून राहिलं, भाडं वेळेवर आलं, खोली रिकामी पडली नाही, तर हिशेब जुळतो.

तिसरी गोष्ट कामाची. हंगाम मंदावला की मजुरांना काम नसायचं आणि भाडं थकायचं. ऑक्टेव्हिया किरकोळ दुरुस्तीची कामं मुद्दाम अशा दिवसांसाठी राखून ठेवायची आणि बेकार भाडेकरूंकडून मजुरी देऊन करून घ्यायची. मोठ्या मुलींना जिने-बोळ घासायचं काम मिळायचं, त्याचेही पैसे. त्यामुळे भाडं भरायला भीक मागायची वेळ येत नसे. फुकट पैसे वाटण्याच्या ती पक्की विरोधात होती.

निकाल? दीडेक वर्षातच रस्किनच्या पूर्ण रकमेवर पाच टक्के सुटले. म्हणजे 750 पौंडांवर वर्षाला साडेसदतीस पौंड. दुरुस्तीसाठी सढळ तरतूद करून झाल्यावर वर मुद्दल फेडण्यासाठी निधीही जमू लागला. पाच टक्क्यांवर जे उरेल ते मालकाकडे जायचं नाही, घरांवरच खर्च व्हायचं. 1866 मध्ये रस्किनने जवळच्याच फ्रेशवॉटर प्लेसमधली आणखी घरं मालकी हक्काने घेऊन तिच्या हाती दिली. तिथल्या मोकळ्या तुकड्यावर तिने मुलांसाठी खेळायची जागा केली.

दर आठवड्याला दारावर थाप

या सगळ्याचा कणा होता दर आठवड्याची भाडेवसुली. ऑक्टेव्हिया स्वतः दारोदार जायची. पुढे काम वाढलं तसं तिने इतर स्त्रियांना यासाठी तयार केलं. वसुली हे निमित्त. दार उघडलं की कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलं, कोणता नळ गळतोय, सगळं कळायचं. या मुलींना नुसतं प्रेमळ असून चालत नसे. हिशेब, गटारं, कायदा, दुरुस्तीचे दर हे सगळं यावं लागे. बायकांना नोकऱ्याच नसण्याच्या काळात एक नवा पेशा इथे तयार झाला. पुढे लंडनचं ‘ओल्ड व्हिक’ थिएटर चालवणारी एमा कॉन्स तिच्याच हाताखाली घडली. हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ही वस्ती उभारणारी हेन्रिएटा बार्नेटही तीच शाळा शिकलेली.

पण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरू नका. ऑक्टेव्हिया अतिशय कडक होती. भाडं थकलं की नोटीस. दारू पिऊन धिंगाणा घातला, मुलांना शाळेत पाठवलं नाही तरी गाठ तिच्याशी. तिचं म्हणणं असं, की करार दोन्ही बाजूंनी पाळायचा. मालकाने छप्पर नीट ठेवायचं, भाडेकरूने भाडं वेळेवर द्यायचं. एकाची थकबाकी सोडून दिली तर तो बोजा शेजाऱ्यावर पडतो. यात न्याय आहे. पण ज्याची मजुरी रोजच्या रोज ठरते आणि बुडतेही, त्याला हा न्याय झेपत नसे. गरिबांतले सगळ्यात गरीब तिच्या वहीत बसत नव्हते.

तरी काम वाढत गेलं. पैसे असलेले लोक घरं विकत घ्यायचे आणि चालवायला तिच्याकडे द्यायचे. 1874 पर्यंत तिच्या देखरेखीखाली 15 वसाहती आणि सुमारे 3000 भाडेकरू होते. 1875 मध्ये तिच्या लेखांचं पुस्तक आलं आणि राणी व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस हिने त्याचं जर्मन भाषांतर केलं. 1896 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये तिच्या पद्धतीने घरं चालवणारी संस्था निघाली, तिच्याच नावाने.

गुरूशी बिनसलं

1877 हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष. रस्किन तेव्हा ‘गिल्ड ऑफ सेंट जॉर्ज’ हा नव्या समाजाचा प्रयोग उभारत होता. रस्किनला व्यवहार जमतो का, याबद्दल ऑक्टेव्हियाने शंका व्यक्त केली आणि ती त्याच्या कानावर गेली. तो भडकला. दोघांमधली पत्रं त्याने आपल्या नियतकालिकात सरळ छापून टाकली. आजच्या भाषेत सांगायचं तर चॅटचे स्क्रीनशॉट जाहीर केले. त्याच वर्षी तिचं ठरलेलं लग्नही मोडलं. वर्षानुवर्षांचा थकवा होताच. ती कोसळली आणि कित्येक महिने तिला काम सोडून परदेशात राहावं लागलं.

या काळात काम बंद पडलं का? नाही. तिने तयार केलेल्या स्त्रियांनी ते चालू ठेवलं. एका माणसाच्या मर्जीवर काम उभं राहू नये, हा रस्किनचाच मुद्दा रस्किनशी भांडण झाल्यावर असा खरा ठरला. हॅरियट यॉर्क ही मैत्रीण तिच्या सोबतीला आली आणि शेवटपर्यंत राहिली.

घराबाहेरची खोली

1884 मध्ये चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या आयुक्तांनी सदर्क भागातली आपली घरं तिच्या हाती सोपवली. तिथल्याच एका जळालेल्या कागद कारखान्याच्या पडीक जागेवर तिने रेडक्रॉस गार्डन उभारलं. बाग, सभागृह आणि शेजारी छोटी टुमदार घरं. 1887 मध्ये ती बाग खुली झाली आणि आजही आहे.

गरिबाला घराइतकीच मोकळी जागाही लागते, असं तिचं ठाम मत होतं. एका खोलीत राहणाऱ्याला बाग हीच दुसरी खोली. याच विचारातून 1895 मध्ये रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांच्याबरोबर तिने ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला. ब्रिटनमधल्या ऐतिहासिक वास्तू, डोंगर, समुद्रकिनारे जपणारी आजची अवाढव्य संस्था ती हीच. गंमत बघा. ट्रस्टने विकत घेतलेली पहिली वास्तू म्हणजे आल्फ्रिस्टन गावातलं चौदाव्या शतकातलं एक मोडकळीला आलेलं घर. किंमत फक्त 10 पौंड. म्हणजे इथेही पडकं घर घ्या आणि वाचवा, हेच!

तिचं कुठे चुकलं?

ऑक्टेव्हियाला देव्हाऱ्यात बसवण्यात अर्थ नाही. सरकारने किंवा महापालिकेने स्वतः घरं बांधून गरिबांना द्यावीत, याला तिचा विरोध होता. वृद्धांना सरकारी पेन्शन द्यायलाही विरोध. इतक्या बायकांना कामाला लावणाऱ्या या बाईने स्त्रियांच्या मताधिकारालाही विरोध केला. घराघरात जाऊन, माणूस ओळखून केलेलं काम तेवढंच खरं, असं तिला वाटायचं. पण लंडन लाखोंचं शहर होतं. एकेक दार वाजवत तिचं काम काही हजारांपर्यंत पोचलं. उरलेल्यांसाठी शेवटी सरकारी घरंच बांधावी लागली. तिच्या हयातीतच लंडनने ती सुरुवात केली होती.

पण एका गोष्टीत ती आजही पुढे आहे. सरकारी घरांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, तरी पुढे त्यांची देखभाल कोण करणार, गळका नळ कोणाला सांगायचा, हा प्रश्न सुटत नाही. घर बांधून होतं, पण सांभाळणं रोजचं असतं. हे काम शिकण्यासारखं आहे, त्यासाठी माणसं तयार करावी लागतात, हे तिने आधी ओळखलं.

13 ऑगस्ट 1912 रोजी वयाच्या 73व्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा मान देऊ केला गेला होता. पण तिच्या इच्छेनुसार केंटमधल्या क्रॉकहॅम हिल या गावी साधेपणाने अंत्यसंस्कार झाले. पॅरडाइज प्लेसचं नाव आता गार्बट प्लेस आहे आणि तिथल्या भिंतीवर तिच्या नावाची निळी पाटी आहे.

उद्या तुमच्यापैकी कोणी आर्किटेक्ट होईल, कोणी सिव्हिल इंजिनिअर, कोणी बिल्डरकडे अकाउंट्स बघेल, कोणी बचतीतून जुना फ्लॅट घेऊन दुरुस्त करेल. नफा कमवण्यात गैर काही नाही. ऑक्टेव्हियानेही तो कमवून दिला, तोही दरवर्षी. फक्त तिने आधी दोन आकडे ठरवले. मालकाला जास्तीत जास्त किती मिळेल आणि घराच्या दुरुस्तीला कमीत कमी किती राखून ठेवायचं. बहुतेक जण पहिला आकडा मोकळा सोडतात आणि दुसरा विसरतात. पुढच्या वेळी एखादा चकाचक ‘नंतरचा’ फोटो दिसला, की हे दोन आकडे विचारा. आणि आधी तिथे राहणारी माणसं आता कुठे आहेत, तेही.